92 ब्लेडं, 5 फेऱ्या आणि अंबडमधली ॲसिडची टाकी

ज्येष्ठात टेम्पो भरून टर्बाइनची 92 ब्लेडं जुनं कोटिंग उतरवायला नाशिकच्या अंबडमधल्या एका युनिटला पाठवली आणि 91 परत आली. एक कमी पडलं ते हरवलं म्हणून नाही. त्यांनी ते कापलं, आणि कापायची परवानगी माझ्याशी वाद घालून मिळवली. त्या एका ब्लेडवरून माझं या युनिटबद्दलचं मत बनलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. युनिटचं नाव मात्र देत नाही. मालकांचीच तशी अट आहे: "मॅडम, नाव नका घालू, आहे तेच काम उरकत नाही." ज्यांना गरज आहे त्यांना एक्सलो पॉइंटच्या आसपास दोन चहाच्या टपऱ्यांवर विचारलं तरी पत्ता लागेल.

मी सातपूरला एका छोट्या रिपेअर शॉपमध्ये क्वालिटी बघते. आम्ही सगळे मिळून सहा जण. नाशिकमध्ये टर्बाइन ब्लेडचं काम म्हटलं की लोक लगेच ओझरकडे बोट दाखवतात. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स 1964 पासून आहे, पण तिथे विमानं होतात. मिग-21 झालं, सुखोई-30 झालं. सुखोईच्या इंजिनांचं काम ओडिशात, कोरापूटला. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची टर्बाइनं वाफेवरची, तिथे हा प्रकारच नाही. आमच्याकडे येतात ती कारखान्यांच्या कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःपुरती वीज बनवणाऱ्या, पॉवर प्लांटमधली, गॅसवर चालणाऱ्या टर्बाइनची ब्लेडं. टोकं झिजलेली, कडांना चिरा, अंगावरचं कोटिंग कुठे आहे कुठे नाही. आम्ही टोकावर वेल्डिंग करून आकार परत आणतो. पण त्याआधी जुनं कोटिंग पूर्ण उतरवावं लागतं, नाहीतर वेल्डमध्ये ॲल्युमिनियम शिरून चिरा पडतात. शिवाय कोटिंगखाली काय दडलंय ते दिसत नाही ते वेगळंच.

हे उतरवण्याचं काम आम्ही करत नाही. ॲसिडची लाइन टाकायची म्हणजे जागा, परवानग्या, धूर धुणारा स्क्रबर आणि रात्रीची झोप, चारही लागतं. म्हणून बाहेर देतो.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. जुनी कल्हई घासून काढायची आणि खालचं पितळ शाबूत ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पण कल्हई कथलाची, पितळाच्या नात्यातली नाही. आमच्याकडे थर आणि ब्लेड एकाच घराण्यातले. ब्लेडचा धातू निकेलचा सुपरॲलॉय, म्हणजे धग सोसणारा मिश्रधातू. या सेटचा धातू आयएन 738 एलसी, म्हणजे निकेलमध्ये सुमारे 16 टक्के क्रोमियम, साडेआठ टक्के कोबाल्ट, साडेतीनच्या आसपास ॲल्युमिनियम आणि जवळपास तेवढंच टायटॅनियम. वरचं कोटिंग एमक्रॅलीचं. त्यातही निकेल नाहीतर कोबाल्ट, क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि चिमूटभर इट्रियम. तीच माणसं, फक्त पंगतीत वेगळ्या क्रमाने बसलेली. मग ॲसिडने एकाला खायचं आणि दुसऱ्याला सोडायचं, हे ठरवायचं कोणी?

उत्तर असं की ठरवतं ॲल्युमिनियम. कोटिंगमध्ये ॲल्युमिनियम जास्त असलेला एक भाग असतो, त्याला बीटा म्हणतात. गरम हायड्रोक्लोरिक ॲसिड आधी बीटावर तुटून पडतं. बीटा गेला की मागे उरतो तो एक काळा, ठिसूळ सांगाडा. द्राक्षाच्या घडातले मणी खाऊन झाल्यावर हातात देठांचा झुपका राहतो, अगदी तसा. तो झुपका ग्रिट ब्लास्टिंगने, म्हणजे खरखरीत कणांच्या फवाऱ्याने, उडवायचा, ब्लेड धुवायचं, पुन्हा ॲसिडमध्ये. अशा फेऱ्या.

अडचण येते ती जुन्या ब्लेडांची. हजारो तास धगीत राहिलं की कोटिंगमधलं ॲल्युमिनियम वर येऊन ऑक्साइडची पापडी धरतं. पापडी उडते, पुन्हा धरते, आणि असं करता करता ॲल्युमिनियमचा साठाच संपतो. जिथे साठा संपला तिथे बीटा नाही, आणि बीटा नाही तिथे ॲसिडला चावायला काही नाही. म्हणजे एकाच ब्लेडवर एका बाजूला कोटिंग भराभर निघतं आणि दुसऱ्या बाजूला ढिम्म हलत नाही. अननुभवी माणूस ते ढिम्म कोटिंग काढायला ब्लेड जास्त वेळ ठेवतो, आणि तोवर मोकळ्या झालेल्या बाजूने ॲसिड धातूच्या कणांच्या सीमांमधून आत शिरतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका शॉपला आम्ही एक छोटा सेट दिला होता. दर कमी, वेळ कमी, ब्लेडं आली ती लग्नातल्या ताटांसारखी चकचकीत. आमचे काका, म्हणजे आमचे मालक, खूश. मी एकाचा तुकडा कापून मायक्रोस्कोपखाली धरला तर पृष्ठभागापासून आत काळ्या रेघा, कणाकणाच्या कडेने, वाळलेल्या तळ्यातल्या भेगांसारख्या. रात्रभर टाकीत राहिली होती, हे नंतर कळलं. 18 ब्लेडं भंगारात. तेव्हापासून चकचकीत ब्लेड दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून अंबडच्या या युनिटमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. भांडण झालंच, पण उलट दिशेने. मी दर विचारला. मालक, ज्यांना तिथे सगळे दादा म्हणतात, ते दरच सांगेनात.

"आधी एक ब्लेड द्या कापायला. मग बोलू."

"दादा, एका ब्लेडची किंमत माहितीये ना?"

"माहितीये, म्हणूनच एकच मागतोय. बाकीची 91 माझ्या अंदाजावर टाकीत घालायची का?"

मी म्हटलं, सगळ्यात खराब ब्लेड घ्या, तसंही ते जाणारच आहे. तर म्हणे, नको. अगदी खराब नको आणि अगदी चांगलंही नको, मधलं द्या. मला तेव्हा राग आला. आता वाटतं की त्या एका वाक्यासाठीच यांना एक स्टार जास्त द्यावा. सगळ्यात खराब ब्लेड कापून बाकीच्यांबद्दल काहीच कळत नाही.

ग्राहकाची लेखी परवानगी यायला आठवडा गेला. हा सेट किनाऱ्याकडच्या एका कारखान्याचा. हवेत मीठ, इंधनात थोडं गंधक, दोन्ही मिळून ब्लेडवर सोडियम सल्फेट बसतं आणि ते धगीत वितळून धातू कुरतडतं. आम्ही त्याला हॉट करोझन म्हणतो. कापलेल्या ब्लेडचे पाच छेद त्यांनी घेतले, तीन उंचींवर आणि दोन कडांना. पुढच्या कडेला बीटा छान शिल्लक. पोटाच्या, म्हणजे आत वळलेल्या, बाजूला मध्यावर बीटा नावालाही नाही, आणि त्या पट्ट्याखाली धातूत शिरलेली सल्फाइडची बोटं. सल्फाइडला ॲसिड धातूपेक्षा कितीतरी लवकर खातं. म्हणजे जिथे कोटिंग निघणार नव्हतं, नेमकं तिथेच धातू खड्ड्यांत जाणार होता. मी तो फोटो काकांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला.

यानंतर जी पद्धत ठरली ती मला पटली. आधी ब्लेडं व्हॅक्यूम फर्नेसला पाठवून ताण काढून आणायची. चालून आलेल्या ब्लेडमध्ये ताण साठलेला असतो आणि तसंच ॲसिडमध्ये टाकलं तर ते बसल्या जागी तडकू शकतं. हा खर्च वेगळा, त्यांच्या बिलात नाही, तुमच्या डोक्यावर. मग मुळाच्या भागाला, जिथे ब्लेड रोटरच्या खाचेत बसतं, तिथे मेण. थंड हवेच्या भोकांनाही मेण. मग छोट्या बुडक्या, प्रत्येकीनंतर धुणं, ब्लास्टिंग आणि वजन. जिथे ॲसिड काम करणार नाही तो पट्टा शेवटी हाताने, घासायच्या बेल्टवर.

मेण लावणारे मामा ओझरच्या प्लेटिंगमधून निवृत्त झालेले. तासभर त्यांच्याशेजारी उभी होते. ब्रश बारीक, हात जड. मुळाच्या दातांमध्ये एक थर, तो थंड झाला की दुसरा, मग अंगठ्याने दाबून बघणार. मी विचारलं, मामा, मुळाला ॲसिड लागलं तर काय होतं? म्हणाले, "ताई, टोक गेलं तर मशीन कमी चालेल. मूळ गेलं तर मशीनच जाईल." बाकी सगळे मला मॅडम म्हणतात, हे एकटे ताई.

टाकी दिसायला साधी आहे, पॉलिप्रॉपिलिनची, झाकणासकट, वर धूर ओढणारं डक्ट आणि ते थेट स्क्रबरला. ॲसिडचं तापमान 70 च्या आसपास ठेवतात, दहा मिनिटांनी वाचून भिंतीवरच्या तक्त्यावर लिहितात. रोज सकाळी टायट्रेशन, म्हणजे ॲसिडची तीव्रता मोजणं, कारण टाकीत निकेल विरघळत गेलं की ॲसिडचा वेग बदलतो आणि कालची वेळ आज चालत नाही. हायड्रोजन निघतो म्हणून शेडमध्ये ठिणगी पडेल असं काही नाही. डोळे धुण्याचा नळ मी स्वतः उघडून बघितला, पाणी येत होतं. हसू नका, कित्येक ठिकाणी येत नाही.

एका जाळीत 12 ब्लेडं आणि त्यांच्यासोबत त्याच धातूचा एक कोरा तुकडा, साक्षीदार म्हणून. बुडवल्यावर टाकी फसफसते ती सोडा टाकलेल्या लिंबू सरबतासारखी. फसफस ओसरली की समजायचं, हाताशी असलेलं ॲल्युमिनियम संपत आलं. पण ते कानावर सोडत नाहीत. दर फेरीला वजन घेतात आणि आलेख काढतात. पहिल्या दोन फेऱ्यांत वजन झपझप उतरतं, मग रेघ सपाट होत जाते. सपाट झाली की थांबायचं. सपाट झाल्यावर पुन्हा खाली वळली तर ॲसिड ब्लेड खायला लागलं, एवढा तो आलेख सोपा आहे. आमची 18 ब्लेडं घालवणाऱ्या त्या शॉपकडे हा आलेख नव्हता, घड्याळ होतं.

आणि शेवटची परीक्षा रंगाची. याच्यासाठी मात्र मी पुन्हा एकदा फक्त बघायला गेले. कोटिंग निघालंय की नाही हे डोळ्याला कळत नाही, ब्लास्टिंगनंतर सगळंच राखाडी. म्हणून ब्लेडं साध्या हवेच्या भट्टीत 590 अंशांच्या आसपास तासभर ठेवतात. बाहेर काढली की उघडा धातू निळा-जांभळा दिसतो आणि जिथे कोटिंगचा अंश उरलाय तिथे सोनेरी. येवल्याची धूपछाव पैठणी उन्हात धरावी तशी ब्लेडं दिसत होती, मोरपंखी अंगावर कडेला सोन्याचा पट्टा. पैठणीत तो पट्टा हवा असतो, इथे नको. चौथ्या फेरीनंतर बहुतेकांच्या प्लॅटफॉर्मच्या कोपऱ्यात, जिथे पातं तळाला मिळतं, तिथे सोनं शिल्लक होतं. त्यावर खडूने खूण, आणि पाचवी फेरी फक्त तेवढ्यासाठी, तीही निम्म्या वेळाची.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी, मेण. काढताना पूर्ण निघालं नाही. दोन ब्लेडांच्या भोकांत ते राहिलं आणि रंगाच्या भट्टीत जळून त्याचा कोळसा झाला. ही भोकं म्हणजे ब्लेडच्या जिवंत राहण्याची वाट, त्यातून थंड हवा जाते. शिवाय कार्बन तिथेच ठेवून पुढे हजार अंशांच्या वर व्हॅक्यूममध्ये नेलं असतं तर तो धातूत शिरला असता. आमच्याकडे भोकांत पिन गेज, म्हणजे मापाची बारीक सळई, घालताना सापडलं म्हणून बरं. दादांना फोन केला तर आधी "आमच्याकडून असं होत नाही" आणि संध्याकाळी स्वतः येऊन दोन्ही ब्लेडं घेऊन गेले. साफ करून दिली, पैसे घेतले नाहीत. पण तपासणी त्यांची होती, सापडलं मला.

दुसरी, पॅकिंग. एवढं जपून काम करायचं आणि ब्लेडं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात एकावर एक. मागची कड दोन मिलिमीटरच्या आतबाहेर असते. एकाला टवका पडलाच. घासून, ब्लेंड करून निघाला, पण तो पडायलाच नको होता.

तिसरी, रिपोर्ट. मजकूर उत्तम, अक्षर भयंकर. वजनं हाताने लिहिलेली, 1 आणि 7 सारखेच. दोन ठिकाणी दशांश चिन्ह गायब. ग्राहकाला पाठवायच्या आधी मला एक अख्खी दुपार सगळं पुन्हा टाइप करावं लागलं.

वेळेबद्दल काय सांगू? तीन आठवडे सांगितले होते, लागले पाच. त्यातला एक आठवडा परवानगीत गेला तो आमच्या ग्राहकाचा. एक दिवस निवृत्तिनाथांच्या पालखीचा, टेम्पो त्र्यंबक रोडवर अडकला आणि ड्रायव्हर उतरून दर्शन घेऊन आला, त्याला कोण काय बोलणार. उरलेला उशीर त्यांचा. फोन एकदा उचलतात, तीनदा नाही.

आणि ती चार ब्लेडं. दुसऱ्या फेरीनंतर दादांनी चार ब्लेडं बाजूला काढली आणि म्हणाले, ही मी पुढे नेत नाही. पोटाच्या पट्ट्यात खड्डे पडायला लागले होते, अजून बुडवली तर भिंत पातळ होईल. त्यांनी अल्ट्रासॉनिक जाडीचे आकडेही लिहून दिले, आधीचे आणि नंतरचे. ग्राहक तापला, कारण सेट 92 चा, कापलेलं एक आधीच गेलं आणि आता ही चार, म्हणजे पाच नवी घ्यायची. मीही फोनवर आवाज चढवला. तीन ब्लेडांबाबत दादांचं म्हणणं बरोबर होतं, पेनिट्रंट, म्हणजे चिरा दाखवणारा रंग, लावल्यावर खड्ड्यांच्या तळाशी चिरा चमकल्या. चौथं मात्र अजून माझ्या टेबलावर आहे, आणि माझं मत आजही हेच की आणखी एक छोटी बुडकी ते झेललं असतं. दादा नाही म्हणतात. आम्ही त्यावर अधूनमधून वाद घालतो, चहा त्यांचा.

बाकीच्या 87 चा हिशेब असा: साक्षीदार तुकड्यांचे छेद आम्ही स्वतः पॉलिश करून बघितले. कणांच्या सीमांवरचा हल्ला आमच्या 12 मायक्रॉनच्या मर्यादेत, बहुतेक ठिकाणी दिसलाच नाही. रंग आमच्या भट्टीत पुन्हा काढला, सगळी निळी. मुळाच्या दातांवर मामांच्या मेणाखालून ॲसिडचा एक ठिपका नाही. ब्लेडं चकचकीत नव्हती. राखाडी, मंद, जात्याच्या पाळीसारखी.

पैशांचं म्हणाल तर दर नगावर नसतो, फेरीवर असतो, आणि कापलेल्या ब्लेडच्या छेदांचं वेगळं बिल. सुरुवातीला महाग वाटतं. आमच्या काकांना अजून वाटतं. पण जे शॉप फेरीचे पैसे घेतं त्याला फेऱ्या वाढवण्यातच फायदा असतो, आणि यांनी चार ब्लेडांच्या तीन-तीन फेऱ्या सोडून दिल्या, हेही बिलात दिसतं.

कचऱ्याबद्दल एक शब्द, कारण अंबड-सातपूरचा माणूस हे विचारणारच. पहिल्या पावसात नंदिनीचं, म्हणजे आमच्या नासर्डीचं, पाणी ज्याने बघितलंय त्याला या प्रश्नाचं कारण सांगायला नको. वापरलेलं ॲसिड चुन्याने मारतात, निकेल-क्रोमियमचा हिरवट गाळ दाबून वड्या करतात आणि तो रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला जातो. चलनांची फाइल मी मागितली, दादांनी कुरकुर न करता समोर ठेवली. तारखा सलग होत्या.

कोणी जाऊ नये? ज्यांना आठ दिवसांत ब्लेडं हवीत त्यांनी. ज्यांच्या ब्लेडवर सिरॅमिकचा पांढरा थर आहे त्यांनीही, इट्रिया घातलेला झिर्कोनिया ॲसिडला दाद देत नाही. त्याला दाबाखालचा गरम कॉस्टिक, म्हणजे तीव्र अल्कली, नाहीतर पाण्याचा जेट लागतो आणि यांच्याकडे दोन्ही नाही. विचारलं तर सरळ नाही म्हणतात, "बघू, करून देऊ" म्हणत नाहीत.

पाचपैकी चार. अर्धा मेणाचा कापला, अर्धा खोक्यांचा.

पुढचा सेट दिवाळीनंतर येतोय. फोमचे क्रेट या वेळी मी आमचेच पाठवणार आहे, प्रत्येक ब्लेडला स्वतंत्र कप्पा, आणि त्यांच्यासोबत पिन गेजचा एक जादा संच. मामांना सांगून ठेवलंय की मेण काढून झालं की 92 च्या 92 ब्लेडांच्या भोकांत तो घालून बघायचा आणि पुढे सही करायची. म्हणाले, "ताई, चष्म्याचा नंबर वाढलाय, सही मोठी येईल."